मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: निघायच्या आधी बोट कशी तयार करायची

गणपती झाले की एकदोन जणांचे तरी फोन येतातच, की सेकंडहँड यॉट घेतलीय, अठ्ठावीस-तीस फुटी, बंदरात दोन-तीन सीझन फिरवली, आता गोव्यापर्यंत न्यायचीय तर काय काय करायला लागेल. प्रत्येकाला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. माझी बोट तीस फुटी फायबरची आहे, एक डोलकाठी, दोन शिडं, आत छोटं डिझेल इंजिन, त्यामुळे हे त्याच मापाच्या बोटीसाठी आहे. तुम्हाला बोट चालवता येते, वारा कळतो, रीफ म्हणजे वारा वाढला की शीड लहान करणं हे माहितीय, एवढं धरून चालतो.

मुंबई ते गोव्याचं आग्वाद साधारण २२० सागरी मैल. पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, न थांबता गेलात तर दोन दिवससुद्धा लागत नाहीत. पण बंदरात काही बिघडलं तर तासाभरात कोणीतरी येऊन ओढून नेतं, आणि एकदा रेवदंड्याच्या खाली गेलात की तसं नसतं. वाटेत जेट्ट्या आहेत, बर्फ आहे, डिझेल आहे, ट्रॉलरची इंजिनं डोळे मिटून खोलणारे मिस्त्री आहेत, पण यॉटच्या डोलकाठीची वायर किंवा तुमच्याच इंजिनात बसणारा इम्पेलर (इंजिन थंड करणारं पाणी ओढणारं रबरी चक्र) वाटेत मिळेल असं धरू नका. म्हणून माझा एकच आग्रह आहे, बोटीवरचं प्रत्येक काम निघायच्या आधी निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने करा. मिस्त्रीला बोलवा, शिकून घ्या, पण पुढच्या वेळी पाना तुमच्या हातात आणि मिस्त्री शेजारी बसलेला असं पाहिजे. रात्री दोन वाजता दाभोळसमोर डिझेल फिल्टर बदलायची वेळ आली तर कुठला बोल्ट किती घट्ट असतो हे तुमच्या हाताला माहिती हवं.

आधी तारीख, मग काम

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की कोळी बांधव समुद्रात जातात, त्यांच्या बोटी आणि त्यांचा अनुभव वेगळा आहे, आपण तेव्हा निघायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला मुंबई आणि अलिबागच्या मध्ये किनाऱ्यावर आलं आणि त्यात कोकणातल्या कितीतरी घरातले लोक परत आले नाहीत. नवख्यांनी डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी एवढाच काळ धरावा.

या महिन्यांत वाऱ्याचं रोजचं एक चक्र असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, थंड आणि हलका, सकाळी दहा-अकरापर्यंत मरतो, मग तासदोन तास समुद्र तेलासारखा, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो तो संध्याकाळपर्यंत चांगला दहा-पंधरा नॉट, कधी जास्त. गोव्याकडे जाताना हा वारा पाठीशी मिळतो आणि मजा येते. परत येताना तोच तोंडावर असतो हे आत्ताच लक्षात ठेवा.

डिसेंबरात निघायचं तर काम सप्टेंबरात सुरू. तीन महिने जास्त वाटतात पण शनिवार-रविवार मोजा, त्यातले दसरा-दिवाळीचे वजा करा, मग कळेल.

बोट पाण्याबाहेर असतानाची कामं

पावसाळ्यात बोट वर काढलेलीच असते, तेव्हा खाली टाकायच्या आधी बोटीच्या बुडाखाली जाऊन अर्धा दिवस नुसतं बघत बसा, खरंच. टॉर्च, खडू आणि प्लास्टिकची छोटी हातोडी घ्या. फायबरवर ठोकत जा, टणक आवाज येतो तिथे ठीक, बद्द आवाज आला की खडूने गोल करा. फोड दिसले तर लगेच घाबरायचं नाही, दोन-चार फोड घासून सुकवून इपॉक्सीने भरता येतात, पण कील (बुडाखालचं जड पातं) जिथे हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, मिळते त्या रेषेत चीर दिसली, त्यातून गंजाचं पाणी उतरतंय असं दिसलं, तर तिथे थांबा आणि जाणत्या माणसाला दाखवा. कीलबोल्टचा प्रश्न रंगाखाली लपवून गोव्याला जायचं नाही.

सुकाणू दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. थोडं हलणं चालतं, खटखट आवाज चालत नाही. तसाच पंखा (प्रोपेलर) धरून तो फिरवणारा शाफ्ट हलवून बघा. शाफ्टवरचा जस्ताचा अॅनोड अर्ध्याच्या वर झिजला असेल तर बदला, तो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो, म्हणून त्याच्यावर कधीही रंग लावू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी मोठ्या प्रेमाने लावला होता आणि वर्षभरात पंख्याच्या कडा खाल्ल्या गेल्या.

अँटीफाउलिंग रंगाचे, म्हणजे बुडाला शिंपले-शेवाळ धरू न देणाऱ्या रंगाचे, दोन हात द्या, पाण्याच्या रेषेजवळ, सुकाणूच्या आणि कीलच्या पुढच्या कडेवर तिसरा. आपल्या कोमट पाण्यात बार्नकल इतक्या पटकन धरतात की ऑक्टोबरात पाण्यात टाकलेली बोट डिसेंबरात एक नॉट हळू चालायला लागते, म्हणून निघायच्या आठवड्यात कोणीतरी डुबकी मारून पंखा आणि बुड खरवडायला हवंच.

जाता जाता एक. विजयदुर्गजवळ गिर्ये गावात वाघोटण खाडीच्या काठी आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, खडकात काढलेली, भरतीला जहाज आत आणायचं आणि ओहोटीला बुड कोरडं करून दुरुस्ती करायची. वाटेत थांबलात तर जरूर बघा. आपण सप्टेंबरात जे करतो तेच काम.

भोकं मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. तुमच्या बोटीच्या बुडाला किती भोकं आहेत? इंजिनचं पाणी आत येतं ते, सिंकचं, टॉयलेटचं येणारं आणि जाणारं, कॉकपिटचं (बसून बोट चालवतो त्या उघड्या जागेचं) पाणी जायची, खोली मोजणाऱ्या सेन्सरचं, शाफ्टचं. कागदावर बोट वरून काढा, प्रत्येक भोक खुणेने दाखवा आणि तो कागद लॅमिनेट करून चार्ट टेबलच्या आत चिकटवा.

मग प्रत्येक सीकॉकपाशी, म्हणजे भोकावरच्या नळापाशी, जा. हाताने उघडतो-बंद होतो का, की जाम झालाय? धातूवर चाकूच्या टोकाने ओरखडा काढा, खाली पिवळाधमक दिसला तर छान, गुलाबीसर आणि ठिसूळ दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, बदला. खाऱ्या पाण्यात साधं पितळ टिकत नाही, ब्राँझच घ्या नाहीतर समुद्रासाठी बनवलेलं चांगलं प्लास्टिकचं. पाइपला प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिप, ३१६ स्टेनलेसच्या, आणि क्लिपचा स्क्रूसुद्धा स्टेनलेसच आहे का हे लोहचुंबक लावून बघा कारण बऱ्याच क्लिपचा पट्टा चांगला असतो आणि स्क्रू साध्या लोखंडाचा. शेवटी प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण जयगडच्या वाटेवर माझ्या बोटीत हेच झालं. पहाटे खाली उतरलो तर फळीवर पाणी. सिंकखालची क्लिप गंजून तुटली होती आणि पाइप निघाला होता, सीकॉक जाम. अंधारात हाताला खुंटी लागली, ठोकली, पाणी थांबलं, सगळं मिळून दोन मिनिटं. खुंटी टूलबॉक्सच्या तळाशी असती तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करतो.

शाफ्टचं ग्लँड (शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा जोड) जुन्या पद्धतीचं असेल तर चालू इंजिनवर थेंब-थेंब पाणी यायलाच पाहिजे, बंद असताना नाही. पूर्ण कोरडं करायला घट्ट आवळू नका, तापतं आणि शाफ्ट घासतो. बिल्जचे (बोटीच्या आतल्या तळाचे) पंप दोन, एक बॅटरीवरचा आणि एक हाताने मारायचा, आणि हाताचा पंप कॉकपिटमधून मारता आला पाहिजे. त्याच्या तोंडाशी केस, कागद, आगपेटीच्या काड्या अडकतात, म्हणून बिल्ज धुऊन लख्ख ठेवा, इतकी की कुठून नवीन थेंब आला तर दिसावा.

डोलकाठी आणि तारा

डोलकाठी बहुतेक वेळा वाऱ्यामुळे पडत नाही, दहा रुपयांची पिन निघाल्यामुळे पडते. डेकपासून सुरुवात करा. प्रत्येक बॉटलस्क्रूला (तार ताणायच्या स्क्रूला) स्प्लिट पिन आहे का, तिची टोकं वाकवून टेप लावलीय का. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक तारेवरून कापसाचा बोळा फिरवा, कुठे कापूस अडकला तर तिथे एक धागा तुटलाय आणि एक तुटलेला धागा म्हणजे ती तार बदलायची, चर्चा नाही. तार फिटिंगमध्ये शिरते तिथे भिंग लावून बारीक चीर आणि तांबूस गंज बघा, आपल्या दमट हवेत तारा खालच्या टोकाला मरतात कारण खारं पाणी तिथेच मुरतं. तारा कधी बदलल्यात हे आधीच्या मालकाला सांगता येत नसेल आणि बोट पंधरा-वीस वर्षांची असेल तर सगळ्या बदलायचा खर्च बोटीच्या किमतीत धरा.

मग वर चढा किंवा कोणाला तरी चढवा. दोन हॅलयार्ड (शीड वर चढवायचे दोर), एक खुर्चीला, दुसरी सेफ्टी म्हणून, आणि दोन्ही गाठ मारून बांधायच्या, शॅकलच्या (जोडायच्या कडीच्या) भरवशावर माणूस वर पाठवायचा नाही. वर कप्प्या फिरतात का, दिवा लागतो का, व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाचं कनेक्शन हिरवं पडलंय का हे बघायचं आणि सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून आणायचे, खाली चहा पिताना झूम करून बघितलं की दुप्पट गोष्टी दिसतात.

शिडं गोड्या पाण्याने धुवा, गच्चीवर पसरा, शिवण नखाने उचकटून बघा. कापड टिकतं पण दोरा उन्हाने जळतो. दोरा तुटायला लागला असेल तर सगळ्या शिवणीवर नवीन टीप मारून घ्या, छत्र्या-ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे जाड मशीन असतं, पॉलिस्टरचा उन्हात टिकणारा दोरा मात्र तुम्ही द्या. सोबत जाड सुया, मेणाचा दोरा आणि शिडाला लावायची चिकटपट्टी. रीफ घ्यायची प्रॅक्टिस मुरिंगवर (बोट बांधून ठेवतो तिथे) दहा वेळा करा, मग अंधारात दोन वेळा.

इंजिन

शिडाची बोट आहे, इंजिन कशाला एवढं मनावर घ्यायचं असं वाटेल. पण मघाशी सांगितलं ना, सकाळी उशिरा वारा मरतो, रात्रीही बऱ्याचदा नसतोच, या वाटेवर इंजिन खूप चालतं. ऑइल, ऑइल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर, बेल्ट, इम्पेलर हे सगळं नवीन घाला आणि प्रत्येकाचा एक एक्स्ट्रा बरोबर ठेवा, इम्पेलर दोन. काढलेला जुना इम्पेलर नीट बघा, एखादं पातं तुटलं असेल तर तो तुकडा पुढे पाण्याच्या वाटेत अडकलेला असणार, तो शोधून काढेपर्यंत काम झालं असं समजू नका.

डिझेल लाइनमधून हवा काढणं शिका. लाइनमध्ये हवा शिरली किंवा फिल्टर बदलला की इंजिन सुरू होत नाही, नवखा माणूस स्टार्टर मारत बसतो आणि बॅटरीही जाते. कुठला नट सैल करायचा, हाताचा पंप किती वेळा मारायचा, बुडबुडे थांबले की कसं आवळायचं, हे व्हिडिओ बघून नाही, स्वतः करून शिका.

डिझेलचा हिशोब सोपा आहे. वीस हॉर्सपॉवरचं इंजिन पाच नॉटला तासाला साधारण दोन लिटर घेतं, २२० मैल म्हणजे ४४ तास, म्हणजे ८८ लिटर, त्यावर एक तृतीयांश राखीव, झाले जवळपास १२० लिटर. एवढी टाकी लहान बोटीला नसते, मग कॅन आले, ते डेकवर घट्ट बांधा. बंदरातलं ड्रममधलं डिझेल नेहमी जाळीच्या नरसाळ्यातून गाळून घ्या. आणि टाकीच्या तळाशी साठलेलं पाणी आणि काळी घाण निघायच्या आधी काढून टाका, कारण बंदरात ती शांत बसते आणि पहिल्या लाटेत ढवळून फिल्टरमध्ये येते. इंजिन नेमकं वाईट वेळी का बंद पडतं याचं कारण बऱ्याच वेळा हेच.

वीज, पाणी, गॅस

बॅटरी रात्रभर काहीही न लावता ठेवा आणि सकाळी मल्टीमीटर लावा, १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे अर्धी. साध्या बॅटरीचा अर्धाच भाग वापरायचा असतो, १०० अँपियर-तासाची असेल तर हातात ५०. दिवे, जीपीएस, ऑटोपायलट, फोनचं चार्जिंग मिळून सरासरी पाच अँपियर धरले तर दहा तासांच्या रात्रीत ते संपले. म्हणून सगळे दिवे एलईडी करा, एक सोलर पॅनेल बसवा आणि इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा, तिला दुसरं काहीही जोडायचं नाही.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, तिघांना सहा दिवसांचं ७२, आणि ते एकाच टाकीत ठेवायचं नाही, निम्मं वेगळ्या कॅनमध्ये. खाण्याचं मी फार सांगत नाही. पहिल्या दिवसाचं घरून बनवून न्या, थालीपीठ, दशम्या, चटणी, कारण पहिल्या दिवशी लाटांत खाली उभं राहून स्वयंपाक कोणालाच जमत नाही.

गॅसबद्दल मात्र सांगतोच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये जाऊन साठतो आणि तिथेच पंपाचा स्विच असतो. सिलिंडर बाहेर कॉकपिटमध्ये, बाहेर हवा जाईल अशा कप्प्यात, आणि प्रत्येक वापरानंतर सिलिंडरवरूनच बंद. साबणाचं पाणी लावून जोड तपासा.

नांगर

रात्री झोप लागणं न लागणं याच्यावर आहे. तीस फुटी बोटीला पंधरा किलोचा नांगर, ८ मिलिमीटरची साखळी ३० मीटर, पुढे ४० मीटर नायलॉन दोर, असं माझ्याकडे आहे. साखळीचं बोटीकडचं टोक बोटीला बांधलंय ना? हसू नका, बघून या. शॅकलची पिन तारेने बांधा. साखळीवर दर दहा मीटरला रंगाची खूण.

किती सोडायची याचा हिशोब भरतीवर करायचा. मुंबईला उधाणाच्या दिवसात पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, गोव्याला निम्म्यावर येतं. समजा ओहोटीला ४ मीटर पाणी आहे, भरतीला ३ मीटर चढणार, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर वर, झाले ८. त्याची पाचपट, ४० मीटर. संध्याकाळी ओहोटीला ४ बघून वीस मीटर सोडणारे पहाटे भरतीला दुसऱ्याच ठिकाणी सापडतात. खाड्यांमध्ये चिखल असतो, नांगर छान धरतो. मालवणला सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत, तिथे चार्ट, भरपूर उजेड आणि शक्यतो तिथल्याच एखाद्या तांडेलाचा सल्ला याशिवाय आत जाऊ नका.

जाळी, रेडिओ, कागदपत्रं

मुंबई-रायगडच्या समोर डोल जाळी असतात, खांबांना बांधलेली, आणि पुढे सगळीकडे तरंगती जाळी, कधी दिवा असतो कधी नुसता थर्माकोलचा तुकडा. रात्री एक माणूस पुढे बघणारा हवाच. पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन लगेच न्यूट्रल आणि बंद, शिडावर किंवा नांगरावर बोट शांत करायची, मग मास्क, दोरीला बांधलेला माणूस आणि दातेरी सुरी. कापावं लागलं तर कमीत कमी कापा, कोणाच्या तरी महिन्याच्या कमाईचं जाळं आहे ते, मालक जवळ असेल तर भरपाई द्या.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं, डेकवर पुढून मागे बांधलेला पट्टा आणि त्याला अडकवायची हार्नेस. रात्री एकटा डेकवर असेल त्याने अडकवलेलंच पाहिजे, समुद्र कितीही शांत असला तरी. फ्लेअरवरची (संकटात पेटवायच्या दिव्यांवरची) तारीख बघा, तीन वर्षांत संपते. व्हीएचएफ चॅनेल १६ वर चालू ठेवायचा, सेटचं लायसन्स आणि बोलणाऱ्याचं सर्टिफिकेट दोन्ही आधी काढा. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सगळ्यांच्या फोनमध्ये. ईपर्ब (संकटात सॅटेलाइटला सिग्नल पाठवणारं यंत्र) घेतलात तर रजिस्टर करा, नाहीतर सिग्नल आला तरी बोट कोणाची, घरच्यांना कुठे विचारायचं ते कळत नाही. आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी छोटी यंत्रं भारतात बाळगू नका, परदेशातल्या मित्राने दिलं म्हणून बरोबर घेतलं तर खरोखर अटक होऊ शकते.

बोटीचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, सगळ्यांची आधार कार्डं, क्रूची यादी, यांच्या दहा-बारा झेरॉक्स. २००८ नंतर किनाऱ्यावर चौकशी कडक आहे आणि असायलाच हवी. बंदरात गेलात की आपणहून कस्टम, पोलीस, बंदर ऑफिस यांना जाऊन सांगा, कोण, कुठून, कुठे, किती दिवस. आधी जाऊन सांगितलं की तेच लोक नांगर कुठे टाका ते दाखवतात.

निघायच्या आधीची रंगीत तालीम

सगळं झालं की पंधरा दिवस आधी एक रात्र बाहेर काढा. दुपारी निघून मुरुड-जंजिऱ्यापर्यंत जा, तो चाळीसेक मैलांचा टप्पा आहे, पहाटे पोचेल असा वेग ठेवा, उजाडल्यावर आत जा, दिवसभर झोपा, दुसऱ्या दिवशी परत. वाटेत मुद्दाम फिल्टर बदला, रीफ घ्या, हाताचा पंप मारा, ऑटोपायलट बंद करून चार तास हाताने चालवा. जे मोडायचं ते इथे मोडतं. माझी यादी पहिल्या तालमीनंतर एकवीस कामांची झाली होती, त्यातली दोनच आधी माहिती होती.

प्रत्यक्ष प्रवासात मी असे टप्पे करतो: जंजिरा, तिथून साठेक मैलांवर जयगड, मग विजयदुर्ग, मग मालवण किंवा सरळ आग्वाद. प्रत्येक ठिकाणी उजेडात आत शिरायचं, खाडीच्या तोंडाशी वाळूचे बार असतात आणि दुपारच्या वाऱ्यात ओहोटी असेल तर तिथे उभ्या लाटा होतात, तेव्हा बाहेर थांबायचं, पाणी चढू द्यायचं. वेंगुर्ल्याच्या खडकांपासून चांगलं लांब राहायचं, तिथे दीपगृह आहे पण तो उजेड लांबून जायला सांगण्यासाठी आहे.

आणि परतीचं. गोव्यात बोट लावली की लगेच सुट्टी नाही, पहिला अर्धा दिवस परत तारा, क्लिपा, बेल्ट, ऑइल, कारण आता वायव्येचा वारा तोंडावर घेऊन जायचंय आणि बोटीला जाताना पडला त्याच्या दुप्पट मार पडणार. डिझेल पूर्ण भरा. मध्यरात्रीनंतर मतलई सुटला की निघा, किनाऱ्याला धरून पण जाळ्यांच्या बाहेरून, आणि दुपारी एकच्या आत पुढच्या खाडीत नांगर टाका. रोज तीस-पस्तीस मैलच होतात, त्यामुळे जायला पाच दिवस लागले असतील तर यायला आठ धरा आणि ऑफिसची रजा तशीच टाका.